आधी दवा, मंग दागिना

तुम्ही भाऊंच्या काउंटरवर काहीही ठेवा. रेडिओ, टेपरेकॉर्डर, रिमोट, एखाद्या पोराचं बोलणारं खेळणं. ते चष्मा कपाळावर सरकवायचे, वस्तू दोन्ही हातांनी उचलायचे, कानाशी नेऊन एकदा हलवायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. आतून खुळखुळ आली तर मान हलायची, नाही आली तरी हलायची. मग वस्तू खाली ठेवून म्हणायचे, "आधी दवा, मंग दागिना."

नवं गिऱ्हाईक चक्रावून माझ्याकडे बघायचं. जुन्यांना अर्थ ठाऊक होता. वस्तू आधी दुरुस्त करून पाहायची. तिच्यात काही राम उरलाच नसेल, तर पोटातल्या तांब्याच्या तारा, रंगीत पट्ट्यांचे रजिस्टन्स, हिरव्या किटचे, म्हणजे सर्किटच्या पाटीचे, तुकडे काढायचे आणि त्यांचे कानातले, गळ्यातले बनवायचे. पण दुरुस्तीचं नावही न काढता कोणी म्हणालं, "भाऊ, हे फोडा आणि पोरीसाठी काही बनवा," तर त्यांना आवडायचं नाही. एका शेतकऱ्याने दोन लेकींसाठी पदकं करायला म्हणून बापाचा जुना रेडिओ दिला होता. आठ दिवसांनी आला तर तो रेडिओ काउंटरवर मोठ्याने भजनं म्हणत होता.

"भाऊ, मी दागिने सांगतले होते!"

"दादा, हा जिता हाय ना. जित्याचे दागिने कसे करू मी?"

तो माणूस रेडिओ काखेत मारून तणतणत गेला. रस्ताभर भजन चालूच होतं, कारण बंद करायचं बटण कुठलं ते त्याला सापडत नव्हतं.

हे सगळं मी पाहिलं, कारण माझी खुर्ची त्यांच्या काउंटरपासून चार हातांवर होती. नव्व्याण्णव साली मी तिरोड्यात, स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर एसटीडी बूथ टाकलं, तेव्हा शेजारचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्यांचं होतं. मध्ये एक पत्र्याची भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. पत्र्याच्या भिंतीला तोंडही असतं. तिकडचं मला ऐकू यायचं, इकडचं त्यांना, आणि गावाच्या निम्म्या भानगडी आम्हा दोघांना. मी त्यांना भाऊ म्हणायचे, त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांचं नाव मी लिहीत नाही. दुकानाच्या पाटीवरसुद्धा त्यांनी ते लिहू दिलं नव्हतं. "नाव कायले पाहिजे? खराब टीव्ही घेऊन मानूस बराबर येते," असं त्यांचं म्हणणं.

पण दागिन्यांचा हा उद्योग सुरू झाला तो एका चुकीतून, आणि ती चूक रेडिओ मेकॅनिकशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून होणं शक्य नव्हतं. मी साक्षीदार आहे.

वहिनी रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. उंच, काळ्यासावळ्या, तोंडाने फटकळ. कानात सोन्याची जुन्या घडणीची फुलं होती, आणि त्यांच्या अंगावरचं तेवढंच सोनं डोळ्यांत भरायचं. एक दिवस डाव्या फुलाची मागची दांडी तुटली. वहिनी मला म्हणाल्या, "चला ना ताई, समोरच्या सोनाराकडून डाग देऊन आणू." भाऊंनी ते पत्र्यातून ऐकलं.

"सोनाराकडं कायले? डागच द्याचा हाय ना? मंग दिवसभर मी काय करून राहिलो इथं?"

वहिनींनी विश्वासाने दोन्ही फुलं काढून दिली. भाऊंनी रेडिओच्या तारेला लावतात तोच डाग, त्याच सोल्डरने, त्या सोन्याला दिला. अर्ध्या मिनिटाचं काम. मग मेकॅनिकचा स्वभाव बघा, दुसरं फूल धडधाकट होतं, तर त्यालाही "याची बी दांडी कमजोर दिसून राहिली" म्हणून मजबुतीसाठी डाग दिला. करड्या रंगाचा ठिपका दिसू नये म्हणून वर पिवळं वॉर्निश मारलं. आम्ही दोघींनीही वाहवा केली, हे मी लपवत नाही.

महिनाभरात वहिनींचे कान सुजले. फुलं साफ करून घ्यायला म्हणून त्या मला घेऊन सोनाराकडे गेल्या. सोनार हिंदीभाषक, तीन पिढ्या तिरोड्यात राहिलेला. वॉर्निशखालचं त्याला दिसलं नाही. त्याने फुलं चिमट्यात धरून फुंकणीची आच दिली, आणि आमच्या डोळ्यांदेखत सोन्याला भोकं पडली. नाजूक पाकळ्या भाजलेल्या पापडासारख्या मोडल्या.

"भाभी, इसमें रांगा किसने लगाया?" सोनार हात बाजूला करून म्हणाला. शिसं आणि कथील सोन्यात शिरलं की सोनं ठिसूळ होतं, हे त्याने समजावून सांगितलं. गाळून सोनं परत निघेल, पण ही फुलं निघणार नाहीत.

वहिनी आरडाओरडा करतील अशी माझी खात्री होती. त्यांनी काही केलं नाही. तो चुरा कागदात बांधून घेतला, दुकानात आल्या, पुडी काउंटरवर ठेवली.

"हे माह्या मायचे होते. जाच्या आधी तिनं आपल्या हातानं काढून माह्या कानात घातले होते. तुमच्या हातचं आता माह्या कानात कधीच जाणार नाई."

एवढंच बोलल्या. दुकानासमोरच्या कडुलिंबाच्या दोन बारीक काड्या मोडल्या, कानात घातल्या आणि घरी गेल्या. भाऊ त्या पुडीकडे बघत बसले. ती उघडायचं धाडस त्यांना संध्याकाळपर्यंत झालं नाही.

पुढचे पंधरा दिवस पत्र्यापलीकडून गाण्याचा आवाज आला नाही. मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. तळहातावर कानातल्यांची जोडी होती. तपकिरी रंगाचे दोन रजिस्टन्स, त्यांच्यावर लाल, पिवळ्या, सोनेरी पट्ट्या, वर तांब्याच्या तारेचा नाजूक वळसा. खोटं कशाला बोलू, सुंदर होते. "चालन का?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात ते कधी बोलायचे नाहीत.

वहिनी डबा घेऊन आल्या. जोडी हातात घेतली, उजेडात धरली.

"साजरे हायत," त्या म्हणाल्या, आणि परत काउंटरवर ठेवले. "मी नाई घालत."

भाऊंनी ती जोडी दर्शनी भागातल्या खिळ्याला टांगून ठेवली. दुसऱ्या दिवशी फोन करायला आलेल्या एका शाळामास्तरीणबाईंना ती दिसली, आणि त्या हट्टालाच पेटल्या. भाऊंनी ती दिली नाही, तशीच दुसरी करून दिली. बाई शाळेत गेल्या, तिथून आणखी तीन बाया आल्या. अशा रीतीने, बायकोने नाकारलेली माफी हळूहळू गावभर लटकू लागली.

दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांनी परत न नेलेल्या टीव्हींची छतापर्यंत थप्पी होती. त्या काळी माणसं नवा टीव्ही घ्यायची आणि जुना दुरुस्तीला टाकून विसरायची. भाऊंनी ती खोली झाडली, एक टेबल टाकलं, एक दिवा खाली ओढून बांधला आणि तिथे बसू लागले. पुढे आमच्या गावाशेजारी विजेचा मोठा प्रकल्प आला, त्याच्याबरोबर परगावचे इंजिनीयर आले, त्यांच्या बायका आल्या. त्यांच्यातली एक त्या खोलीत डोकावून म्हणाली, "अरे वा, आपका स्टुडिओ तो बड़ा प्यारा है!" तेव्हापासून ती खोली स्टुडिओ झाली. भाऊंना तो शब्द फार आवडला, पण स्वतःच्या तोंडाने उच्चारायची लाज वाटायची. वहिनींना कसली लाज! त्या रस्त्यातून ओरडायच्या, "ताई, त्या स्टुडिओतल्या मानसाले सांगा, भाजी थंडी होऊन राहिली!"

प्रकल्पातल्या बाया त्यांना आर्टिस्ट म्हणायच्या. "आर्टिस्ट नाही मॅडम, टीव्ही मेकॅनिक," ते दुरुस्त करायचे. मात्र एक दागिना घ्यायला आलेल्या बाईला अर्धा तास मोडावा लागायचा, कारण भाऊ प्रत्येक नगाची जन्मकुंडली सांगायचे. "ये जो पेंडंट है ना मॅडम, ये एक गुरुजी के रेडिओ का है. गुरुजीने तीस साल इसपे खबरें सुनी, एक दिन नागा नाही. और ये जो लाल वाला है, ये लग्नात लाऊडस्पीकर लावणारे का अ‍ॅम्प्लिफायर था, इसको जरा सांभाळके, बहुत गरम मिजाज का था." बाई हसून बेजार. पण घरी जाऊन ती आपल्या मैत्रिणींना गुरुजींचीच गोष्ट सांगणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्यांनी केलेले सारस तुम्हाला सांगायलाच हवेत. आमच्या भागात धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, सारसाची जोडी दिसते, माणसाएवढी उंच, लाल मानेची. भाऊंनी एका शेतात ती तासभर पाहिली होती, आणि गोंडस पोट, लांब मान हे सगळं तारांचं करून झाल्यावर पायांपाशी अडले. चार दिवस अडले. पाचव्या दिवशी पत्र्यावर थाप पडली. "ताई, सापडले! पाय तर केव्हाचे माह्याच घरी पडून होते." त्यांनी रेडिओच्या अँटेना लावल्या होत्या. सकाळी दुकान उघडलं की ते दोन्ही सारसांचे पाय एकेक नळी ओढून लांब करायचे आणि पक्षी उभे राहायचे. बंद करताना पाय आत सारायचे आणि पक्षी बसायचे. शाळेतली पोरं येता-जाता पाय ओढून ठेवायची, कधी एक सारस लंगडा दिसायचा. विकत मागायला पुष्कळ आले. भाऊ म्हणायचे, "जोडी विकतात का कोणी?"

आणि वहिनी? त्या आता दुपारी डबा देऊन लगेच परत जात नसत. काउंटरवर बसून विकायच्या. त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला विकता येत नव्हतं. "घ्या ना बाई, लावून तर पाहा. तुमच्या गोऱ्या रंगावर गजब दिसते हे. हलके हायत, झोपून उठलं तरी टोचत नाई." एखादी चतुर बाई विचारायची, "मग तुम्ही काऊन नाही घातले?" वहिनी पदर डोक्यावरून पुढे ओढायच्या, कानातल्या काड्या झाकायच्या. "माह्या कानाले चालत नाई," म्हणायच्या.

भाऊ दर दिवाळीला त्यांच्यासाठी एक जोडी करायचे. मग पोळ्याला, मग संक्रांतीला. द्यायची पद्धत ठरलेली. रिकामा डबा धुऊन परत देताना तळच्या खणात जोडी ठेवायची आणि झाकण लावायचं. तोंडाने काही बोलायचं नाही. वहिनी घरी डबा उघडायच्या, जोडी काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. परत कधी केली नाही, घातलीही नाही. रोज दुपारी वहिनी कोपऱ्यावरून वळल्या की भाऊंची नजर आधी त्यांच्या कानांकडे जायची, मग डब्याकडे. पत्र्याच्या फटीतून मला ती नजर दिसायची. ती पाहून मला कधी हसू यायचं, आणि कधी वहिनींचा भयंकर राग यायचा.

मधे एकदा त्यांनी सोन्याचीच भरपाई करायचं मनावर घेतलं. कॉम्प्युटरच्या कार्डांच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, पाहिली असेल तुम्ही. त्यावर खऱ्या सोन्याचा मुलामा असतो, हे त्यांना कुठून तरी कळलं. दोन वर्षं ते असे दात कापून एका डबीत साठवत होते. गोंदियाहून भंगाराचा एक व्यापारी यायचा, त्याला त्यांनी विश्वासाने डबी दाखवली. तो हसला. "इतने में तो नाक की लौंग भी नहीं बनेगी, उस्ताद. बोरे लगते हैं, बोरे." सोनं कसं काढतात ते दाखवतो म्हणून तो भाऊंना गाडीवर बसवून कुठल्याशा गावाबाहेर घेऊन गेला.

संध्याकाळी परत आले तेव्हा शर्टाला इतका उग्र वास होता की मी नाकाला पदर लावला. बराच वेळ पाणी पीत बसले.

"ताई, तिथं मानसं उघड्या हातानं तेजाबात प्लेटा बुडवून राहिले. बायका बी हायत. बोटं पाहिली त्यायची मी." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तसं सोनं मी माह्या बायकोच्या कानापाशी नाई नेणार."

डबी त्यांनी फेकली नाही. पुढे त्या सोनेरी दातांच्या झालरी करून कोणाकोणाच्या पदकांना लावल्या. त्या नगांची कुंडली मात्र ते कोणाला सांगत नसत.

दरम्यान माझं बूथ बसलं. ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला. मी झेरॉक्सचं मशीन आणि वह्या-पेनं ठेवली, आणि बूथचे दोन्ही फोन उचलून भाऊंकडे नेले. म्हटलं, माझ्या उमेदीच्या वर्षांचं काहीतरी गळ्यात घालता येईल असं करून द्या. त्यांनी फोन कानाशी नेले, हलवले, मीटर लावला.

"ताई, हे दोन्ही चालू हायत."

"पण लाइनच कापली ना भाऊ!"

"लाइन गेली. फोन कुठं गेला?" त्यांनी फोन पुसून, वायर गुंडाळून परत माझ्या हातात दिले. त्यांच्या त्या नियमापायी मला आजवर त्या फोनचा दागिना मिळाला नाही. दोन्ही धडधाकट फोन कपाटात जागा अडवून बसले आहेत.

आता मुख्य गोष्ट सांगते. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी कडुलिंबाखाली उभ्या राहून नव्या काड्या मोडत होत्या. जुन्या वाळून खरखरीत झाल्या की कान दुखतो, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी त्या बदलायच्या. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. त्या दिवशी पडला.

"वहिनी," मी म्हटलं, "घालायचंच नाही तर भोकं बुजू द्या ना. काड्या कायला बदलता?"

वहिनी बावरल्या. त्यांना बावरलेलं मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं. "बाईच्या कानाले भोक तर पाहिजे," असं काहीतरी पुटपुटून त्या निघून गेल्या. डबा काउंटरवरच राहिला.

मी पत्र्याला तोंड लावून भाऊंना सांगितलं. म्हटलं, चौदा वर्षं ती बाई दर आठवड्याला कानाची भोकं उघडी ठेवते आहे. ज्याला दार लावायचं असतं तो असं करत नाही. पलीकडे सोल्डरची चरचर थांबली.  मग आवाज आला.

"ताई, तुमी हे आधी काऊन नाई सांगतलं?"

"मला आजच सुचलं."

"माले तर तेबी नाई सुचलं," ते म्हणाले.  आणि लगेच त्यांनी दुरुस्तीला आलेले तिन्ही टीव्ही एकदम चालू केले, तीन वेगवेगळे कार्यक्रम, आणि मला झेरॉक्सला आलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी वहिनी माझ्याकडे येऊन बसल्या. इकडचं-तिकडचं झालं. मग खाली बघत म्हणाल्या, "ताई, माह्या मनात राग कवाचाच नाई. पहिल्या दिवाळीपासून नाई. पन एकदा नाई म्हणून बसली. मंग दरवर्षी वाटे, आता घातले तर गाव हासन. म्हणन, पाह्य, उतरली. असं करता करता वरसं गेली."

"मग आता?"

"औंदाच्या दिवाळीले घालतो. पन तुमी त्यायले सांगू नका. डबा द्याले येईन ना, तवाच पाहू द्या त्यायले."

मी शब्द दिला. मला ती कल्पना इतकी आवडली की मी मनातल्या मनात ती दुपार दहादा पाहून घेतली. कोपऱ्यावरून वहिनी वळतील, भाऊंची नजर नेहमीप्रमाणे आधी कानांकडे जाईल, आणि मी फटीतून बघेन. पोटात काही न राहणारी मी, पण हे राखलं. रोज भाऊ विचारायचे, "काही म्हणे का?" आणि मी म्हणायचे, "छे, माझ्याशी काय बोलतील त्या!" हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. आयुष्यभर नको तिथे तोंड उघडलं, आणि जिथे उघडायचं तिथे मिटून बसले.

धान लोंबीवर आलं होतं. दिवाळीला तीन आठवडे होते. भाऊ सकाळी अंघोळ करून, दुकानाची किल्ली घेऊन निघाले, चप्पल घालायला ओट्यावर टेकले आणि तिथेच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. आजार नव्हता, काही नव्हतं. पंचावन्नसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. सौंदडहून भाऊंची मोठी बहीण आली, तिला सगळे आक्का म्हणायचे. करडी बाई, सगळ्या रीती तोंडपाठ. भाऊ-वहिनींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळं तिच्याकडेच आलं. मयत उचलण्याआधी आमच्याकडे बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, गळ्यातली पोत काढतात, अंगावर असेल ते उतरवतात. बाया आतल्या खोलीत गोळा झाल्या. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे.

आक्का पुढे आल्या तशा वहिनी म्हणाल्या, "थांबा जराशा."

त्या उठल्या. पेटीतून बिस्किटाचा डबा काढला. झाकण लवकर उघडेना, मी मदतीला गेले तर मला हाताने बाजूला केलं. त्यांनी कानातल्या काड्या काढून खाली टाकल्या आणि डब्यातून एक जोडी घेतली. कुठल्या वर्षाची, कुठल्या सणाची, मला ओळखता आलं नाही. तीसेक जोड्या असतील त्यात. उजव्या कानाची पाळी जराशी रक्ताळली. दोन्ही कानांत घालून झाल्यावर त्या कोणाकडे न बघता बाहेर ओट्यावर गेल्या, जिथे भाऊंना ठेवलं होतं. त्यांच्या तोंडाजवळ वाकल्या आणि तशाच राहिल्या. तिथे बसलेल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. मला रडू आवरेना, मी आवरलंही नाही.

परत आत येऊन वहिनी बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "आता करा काय कराचं ते."

बांगड्या फुटल्या. कुंकू पुसलं. पोत निघाली.  मग मागून कोणी बाई म्हणाली, "कानातले राहिले," आणि आक्कांचा हात वहिनींच्या कानाकडे गेला.

वहिनींनी तो हात मनगटापाशी धरला.

"आक्का, हे नाई. हे मी आत्ताच घातले."

 मागच्या बाईने "रीत हाय ना पन" एवढं म्हटलं. आक्का वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आपल्या भावाने किती वर्षं काय केलं, हे त्यांना ठाऊक होतं का, मला माहीत नाही. आता ही बाई काय करते, ते मी बघत होते. वहिनींनी हात सोडला नव्हता, तरी आक्कांनी बोटं कानापर्यंत नेलीच. कानातलं निसटू नये म्हणून भाऊ आकड्याला मागून वायरच्या प्लास्टिकचा बारीक तुकडा बसवत. घाईत डाव्या कानाचा तुकडा अर्धवटच बसला होता.

"सैल हाय," आक्का म्हणाल्या. "गर्दीत पडन कुठं."

त्यांनी तो तुकडा दोन बोटांनी वर सारून घट्ट बसवला, वहिनींचा पदर कानामागे नीट केला, आणि बाहेर तोंड करून पुरुषांना हाक दिली, "उचला आता."